टॉय ट्रेनचं इंजिन गंजलंय, तातडीने मदत हवी

खटपट्या
माळा आवरताना बाबांच्या लहानपणीचं इंजिन सापडलं. पार गंजलंय, चाकं जाम. शनिवारी बाबांची पंचाहत्तरी आहे, तेव्हा त्यांच्यासमोर चालवून दाखवायचंय. व्हिडिओ बघून सकाळी व्हिनेगरमध्ये बुडवलंय. किती तास ठेवायचं तेवढंच सांगा.

शिल्पा_के
माथेरानची का? ती १९०७ पासूनची आहे. पावसाळ्यात नेरळ ते अमन लॉज बंद असते, वर अमन लॉज ते माथेरान शटल मिळते. तिकिटासाठी लवकर जा.

खटपट्या
ताई, खेळण्यातलं इंजिन. तळहातावर मावेल एवढं.

चावीवाला
आधी बाहेर काढा! मग सांगा: पत्र्याचं की ओतीव? चावीचं की विजेचं? रंग ब्रशने दिलेला की छापलेला? फोटो टाका.

खटपट्या
चावीचंच, आणखी कसलं असणार? हिरवं आहे. मी तासांचं विचारलं होतं.

रसायनकर
व्हिनेगर सोडा. बादलीत पाणी, त्यात धुण्याचा सोडा, बॅटरी चार्जर. उणे टोक इंजिनाला, अधिक टोक लोखंडाच्या जुन्या तुकड्याला. सकाळपर्यंत गंज भुगा होऊन खाली. आमच्या आजीची विळी मी अशीच नवी केली.

चावीवाला
विळीवर रंग नसतो हो. इथे रंगसुद्धा पापुद्र्यासारखा निघून येईल. शिवाय आत पोलादी स्प्रिंग आहे. आम्ल काय किंवा तुमचा करंट काय, पोलादात हायड्रोजन शिरतो, स्प्रिंग ठिसूळ होते आणि चावी देताना मोडते. विळी मोडत नाही म्हणून आजी काही बोलल्या नसतील.

रसायनकर
आजीला मध्ये आणू नका. स्प्रिंग काढून ठेवायची, एवढं गृहीत होतं.

चावीवाला
गृहीत धरू नका, लिहा. चावी भरलेली असताना उघडलं तर स्प्रिंग उसळून बोटं फाडते. आणि अधिक टोकाला स्टेनलेसचा चमचा लावू नका, पाण्यात विषारी क्रोमियम उतरतं. हेही लिहायला हवं होतं.

मीना_पार्ले
पितांबरी लावून बघा. आमच्या समया लख्ख होतात.

चावीवाला
मीनाताई, समई पितळेची. हा पत्रा.

सह्याद्रीकर
एवढा काथ्याकूट कशाला? पॉलिश पेपर मारा, गॅरेजवाल्याकडून ड्युको मारून घ्या. शनिवारपर्यंत नवं कोरं.

चावीवाला
नवं कोरं हवं असेल तर दुकानातून आणा. खटपट्या, खिडकीखाली काही आकडा आहे का?

खटपट्या
३४३५. पोटाखाली इंग्रजीत मेकानो, लिव्हरपूल असं काहीतरी. आणि हो, पाण्यावर हिरवा तवंग आलाय. चालतं ना?

चावीवाला
नाही चालत! अहो, ते हॉर्नबीचं एम-वन आहे, ओ गेज, म्हणजे दोन रुळांत ३२ मिमी अंतर. फ्रँक हॉर्नबीच्या मेकानो कंपनीच्या लिव्हरपूलच्या कारखान्याने १९२० पासून अशा गाड्या केल्या. यात सपाट पत्र्यावर आधी रंग छापायचे, मग पत्रा कापून दुमडायचे. म्हणून गेलेला रंग ब्रशने जुळत नाही. आता खाण्याचा सोडा घातलेल्या पाण्यात धुवा, मग साध्या पाण्याने, हेअर ड्रायरने आतपर्यंत कोरडं करा आणि लगेच शिलाई मशीनचं तेल द्या. तसंच ठेवलंत तर तासाभरात नवा गंज धरेल. उरलेला डाग तेलात भिजवलेल्या सुती फडक्याने हलके टिपा, घासू नका. यंत्रात तेलाचे थेंब सोडून रात्रभर ठेवा, सकाळी चाकं बोटाने मागेपुढे हलवा. जोर लावायचा नाही. चाकं ओतीव असतील आणि फुगून तडकली असतील तर तो गंज नव्हे, जस्ताच्या मिश्रधातूतला दोष. त्याला औषध नाही, चाकं बदलायची.

सह्याद्रीकर
कोथरूडला जोशींचं मिनिएचर रेल्वेचं म्युझियम आहे, तिथे विचारा.

शिल्पा_के
तिथे मुलांना नेलं होतं. छान आहे. पार्किंगची बोंब.

रसायनकर
जस्त असेल तर व्हिनेगर तेही खातं. सुरुवातीलाच फोटो टाकला असता तर...

खटपट्या
काढलं, धुतलं, वाळवलं. एका बाजूचा रंग गेलाय, आकड्यातले ३४ राहिलेत. तेवढ्यात बाबा स्वयंपाकघरात आले. मला वाटलं आता बोलणी बसणार. त्यांनी ते हातात घेतलं, उलटं केलं आणि म्हणाले, चावी कुठाय? आजोबा जेवताना ती काढून खिशात ठेवायचे म्हणे. चाकं किंचित हलतायत, तडे नाहीत. चावी मात्र घरात कुठेच नाही. कुठल्या मापाची लागेल?

चावीवाला
ज्या दांड्यावर चावी बसते त्याचा फोटो टाका.

खटपट्या
फोन चार्जिंगला आहे. अंदाजे सांगा ना.