मदत हवी आहे: साल्सा क्लासमध्ये गाणं लागलं की पाय चुकतात

उधारीचा_चहा:
साल्साचा बिगिनर क्लास लावलाय. सर तोंडाने वन टू थ्री, फाइव्ह सिक्स सेव्हन म्हणतात तोवर सगळं झकास, आणि गाणं लागलं की मी गेलो कामातून. वन कुठला तेच कळत नाही. समोरची मुलगी माझ्या पायांकडे बघायला लागते, मग पार्टनर बदलतात, मग पुढची बघायला लागते. शुक्रवारी पुढच्या महिन्याची फी भरायचीय, मेसचेही पैसे द्यायचेत. चालू ठेवू का सोडू? लवकर सांगा प्लीज

निवांत_पेठकर:
गाव कुठलं, स्टाइल कुठली, ऑन वन, ऑन टू (पुढे-मागे वळणं पहिल्या ठोक्यावर का दुसऱ्या) का क्युबन? काही लिहायचं नाही आणि वर लवकर सांगा.

उधारीचा_चहा:
पुणे. साल्सा म्हणजे साल्सा ना, त्यात अजून काय? मी लीड आहे, म्हणजे जोडीत नाचवणारा.

सुगरण_७१:
झुंबा कर रे बाळा. पार्टनरची भानगड नाही, घाम मस्त निघतो, माझी कंबर किती उतरली.

उधारीचा_चहा:
काकू मला वजन वाढवायचंय

स्पष्टवक्ता:
ताल अंगात असावा लागतो. नसेल तर फी वाचव.

उधारीचा_चहा:
अहो मी गणपतीत पथकात ताशा वाजवतो! ताल कळत नाही असं नाहीये, म्हणून तर डोकं फिरलंय

केरवा_दादरा:
मग सोपं आहे. आठ काउंट म्हणजे आठ मात्रा, आपला केरवाच की. सम पकड आणि नाच.

कोंगा_कट्टा:
केरवा नाही हो, तिथेच तर घोळ आहे. आपल्याकडे सम दणकून येते, ढोलाचा टोल पडला की कळतं. साल्सात बास बऱ्याचदा वनला वाजतच नाही, आधीच्या चौथ्या ठोक्यावर येऊन मोकळा होतो. म्हणजे जड आवाज ऐकून पाय टाकला की तू एक ठोका आधीच पडलास. पथकातल्या माणसाचं हमखास हेच होतं. बास सोड, कोंगा ऐक, तो हाताने वाजवतात तो उंच ढोल. दोन खुले ठोके लागोपाठ येतात, दुग-दुग, ते चारवर आणि आठवर, म्हणजे तू थांबलेला असतोस तेव्हा. त्याच्या पुढचा ठोका वन नाहीतर फाइव्ह. कोरस सुरू झाला की घंटा वाजते (काऊबेल), तिचे ठसठशीत ठोके एक-तीन-पाच-सातवर असतात, तिथे अजून सोपं. यूट्यूबवर स्पीड ०.७५ कर आणि नाचू नकोस, नुसता बसून मोज.

मँबो_मामा:
कोंगाच ऐकायचा तर ऑन टू शीक सरळ. कोंगाची चापट दोनवर पडते, पाय पण दोनवर वळतो. न्यूयॉर्कला एडी टोरेस या साल्सा शिक्षकाने हेच शिकवून पिढ्या घडवल्या. ऑन वन म्हणजे घाई नुसती.

लेफ्ट_राइट:
मामा प्रत्येक धाग्यावर हेच. पोराला वन सापडत नाहीये आणि तुम्ही टू काय देताय? आधी ऑन वन पक्कं होऊ दे त्याचं.

मँबो_मामा:
वर्षभर ऑन वन पायात बसलं की सुटत नाही. अनुभवाचे बोल आहेत.

उधारीचा_चहा:
एक मिनिट. मंगळवारचे सर वनला डावा पाय पुढे टाकायला लावतात आणि रविवारी दुसरे येतात ते म्हणतात पुढे-मागे टूवर जायचं, वनला जागेवर. मला वाटलं ते पुढचं लेसन आहे

निवांत_पेठकर:
हे पहिल्या पोस्टमध्ये लिहिता आलं असतं.

कोंगा_कट्टा:
अरे देवा. एकाच बॅचला दोन्ही? पावलं दोन्हींत त्याच काउंटवर पडतात, एक-दोन-तीन, पाच-सहा-सात, पण दिशा ऑन वनमध्ये एक-पाचवर बदलते आणि ऑन टूमध्ये दोन-सहावर. नवख्याला आठवड्यातून दोनदा उलटसुलट शिकवलं तर तो काय करणार. फी भरायच्या आधी विचार की पुढचा महिना कुठल्या एकावर आहे. धड उत्तर आलं नाही तर दुसरा क्लास बघ, साल्सा सोडू नकोस.

टाच_दुखी:
बूट कुठले घालतोस? रबरी सोलचे स्पोर्ट्स शूज टर्नला फरशीला चिकटतात आणि गुडघा पिळवटतो. खाली स्वेड (मऊ लवदार चामडं) लावून घे. मी तीन महिने लंगडत होते.

उधारीचा_चहा:
बूट मित्राचे आहेत. रात्रभर दुग-दुग ऐकलं, थोडं सापडतंय पण गायक मध्ये आला की परत जातं. सरांना उद्या विचारतो

लेफ्ट_राइट:
गायकाकडे लक्षच देऊ नको, तो मुद्दाम ठोक्याच्या मागेपुढे गातो.

नवरीची_मावशी:
तुमच्यापैकी पुण्यात कोणी संगीतसाठी कोरिओग्राफी बसवून देतं का? अकरा बायका आहेत, दोघींचे गुडघे दुखतात. साल्सा नको, साधं काहीतरी.

मँबो_मामा:
ऑन टू बसवून देईन.