मदत हवी आहे: उजवा इंडिकेटर मिचकत नाही, स्विच बदलायचा आहे

नमस्कार मंडळी,

गाडी १९६०च्या दशकातली, १२ व्होल्टची. स्टिअरिंगखालची इंडिकेटरची दांडी मूळचीच आहे. डावीकडे सगळं ठणठणीत. उजवीकडे टाकली की दांडी जागेवर थांबत नाही, आणि बोटाने धरून ठेवली तर दिवे मंद लागून राहतात, मिचकत नाहीत. मागच्याला मी वळतोय हे कळणार कसं? म्हणून तीन आठवडे गाडी बाहेरच काढलेली नाही.

आधी फ्लॅशरवर (दिवे मिचकवणाऱ्या डबीवर) संशय घेतला. नवा लावला, फरक शून्य. बल्ब बदलले, होल्डर घासले, अर्थिंगचे स्क्रू साफ करून आवळले, तरी तेच. शेवटी स्विच मधून वगळून फ्लॅशरची वायर थेट उजव्या दिव्यांच्या वायरला जोडली आणि दिवे लख्ख मिचकायला लागले! मग स्विच परत जोडून, दिवे लागलेले असतानाच मल्टीमीटर लावला. स्विचमध्ये ११.९ व्होल्ट जातात, बाहेर ८.७ पडतात. २१ वॅटच्या दोन बल्बना साडेतीन अँपिअर तरी लागतात. माझा फ्लॅशर तापणाऱ्या पत्तीचा. करंट कमी पडला की पत्ती तापून सुटतच नाही. म्हणजे दोष स्विचमध्येच, याची आता खात्री आहे.

अडलंय ते स्टिअरिंगपाशी, कारण स्विच काढायला आधी स्टिअरिंगचं चाक काढावं लागतं. मधला नट सुटला, पण चाक स्टिअरिंगच्या दांड्यावरून हलत नाही. एक मित्र म्हणतो मागून हातोडा घाल. घालू का? आणि जुनाच स्विच उघडून दुरुस्त करावा, की नवा बसवावा? नव्याच्या वायरींचे रंग वेगळे आहेत.

प्रतिसाद:
हातोडा अजिबात नको, बेअरिंगची वाट लागेल. पुलर (चाक ओढून काढायचं अवजार) वापरा. बॅटरीची निगेटिव्ह आधी काढा. गाडीची पुढची चाकं सरळ ठेवून स्टिअरिंगच्या चाकावर आणि दांड्यावर समोरासमोर खूण करा. नट पूर्ण काढू नका, दोन-तीन आट्यांवर राहू द्या, नाहीतर चाक सुटलं की थेट तोंडावर येतं. रंगांवर विसंबू नका. प्रत्येक स्थितीत कुठली वायर कुठल्या वायरीला जुळते ते मीटरने तपासून कागदावर लिहा. काही गाड्यांत मागचे ब्रेकलाइटही याच स्विचमधून जातात, तेही बघून घ्या.

मूळ लेखक:
खूप आभार! पुलरने टक् करून सुटलं. आतली पितळी पत्ती काळी पडली होती. ती घासून निघाली असती. पण दांडी अडकवून ठेवणारा प्लॅस्टिकचा दात तुटलाय, त्याला इलाज नाही. नवा स्विच बसवला, वायरी मीटरने जुळवल्या, ब्रेकलाइटही पाहिले. दोन्ही बाजू छान मिचकतात.

आता एकच राहिलं. उजवं वळण पुरं व्हायच्या आतच दांडी आपोआप परत मधे येते, डावीकडे मात्र वेळेवर. चाक खुणेवरच बसवलंय. नव्या स्विचची पट्टी थोडी फिरवून बसवायला जागा असते का?

प्रतिसाद:
स्क्रूंची भोकं लांबट असतील तर असते. स्क्रू सैल करा, पुढची चाकं सरळ असताना, दांडी परत ढकलणारा स्टिअरिंगच्या दांड्यावरचा खुंट स्विचच्या दोन्ही दातांच्या बरोबर मधे आणा आणि मग आवळा.