मदत हवी आहे: 'रक्तातच आहे' म्हणणाऱ्यांना काय सांगू?

नमस्कार मंडळी. मी बीड जिल्ह्यात ऊसतोड कामगारांच्या मुलांच्या वसतिगृहात शिकवते. सातवीतल्या एका पारधी पोरानं परवा दुसऱ्याच्या पेटीतून वीस रुपये काढले. विचारलं तर मान खाली घालून खिशाची शिवण उसवत बसला. लगेच बाकीचे म्हणाले, "मॅडम, रक्तातच आहे त्यांच्या." मला रात्रभर झोप नाही. इंग्रजांनी १८७१ च्या कायद्यानं अख्ख्या जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवायला सुरुवात केली. १९५२ मध्ये त्या विमुक्त झाल्या, शिक्का मात्र अजून पुसला नाही.

उतावळेपणा, स्वतःवर ताबा नसणं, दुसऱ्याच्या दुःखाची जाणीव कमी असणं, यांचा गुन्हेगारीशी संबंध आढळतो हे मी वाचलंय. पण मानसशास्त्रज्ञ टेरी मॉफिट यांनी १९९३ मध्ये मांडलं की बहुतेक पोरांचं असलं वागणं पौगंडावस्थेपुरतंच असतं. आणि हा पोरगा उतावळा आहे, निर्दयी नाही. आजारी मित्राला स्वतःची भाकरी देतो.

त्याचा स्वभाव तपासायला मराठीत एखादी चाचणी आहे का? की तिनं नवाच शिक्का बसेल? बीड, लातूरकडे मुलांचे समुपदेशक माहीत असतील तर कृपया कळवा. आई-बाप कारखान्यावर आहेत, उन्हाळ्यातच परततील.