मदत हवी आहे: तीनदा ब्लीड केलं तरी ब्रेक पेडल मऊच, रविवारी ट्रॅक डे आहे

चौथा_गिअर
नमस्कार मंडळी. विषय वर लिहिलाच आहे, ब्लीड म्हणजे ब्रेकच्या लाइनमधली हवा बाहेर काढली. रविवारी तळेगावजवळ नाणोलीला ट्रॅक डे (आपली गाडी रेस ट्रॅकवर पळवायचा दिवस) आहे, पैसे भरलेत आणि ते परत मिळत नाहीत. डॉट ४ ब्रेक फ्लुइड काढून डॉट ५ टाकलं तर काम होईल का? उद्या ऑफिसमधून लवकर सुटून ऑपेरा हाउसला जाऊन आणू शकतो. प्लीज लवकर सांगा, आज गुरुवार आहे.

मुलुंडकर
गाडी कुठली ते पंचांगात बघायचं का आम्ही?

हवा_भर
ट्रॅकवर जाताना टायरमध्ये हवा नेहमीपेक्षा दोन-तीन पीएसआय कमी ठेवून सुरुवात करा. टायर तापले की चार-पाच सहज चढते. पहिल्या सेशननंतर लगेच मोजा, चारही चाकं सारखी नसतात. गेज स्वतःचा न्या, पंपावरच्या गेजवर माझा विश्वास नाही.

चौथा_गिअर
@हवा_भर, आभार, पण मी ब्रेकचं विचारतोय.

स्पॅनरताई
डॉट ५ अजिबात नको. ते सिलिकॉनचं असतं आणि डॉट ३, ४, ५.१ यांच्यात मिसळत नाही. तुमच्या मनात डॉट ५.१ असावं. नावात पॉइंट एकचा फरक, पण जात वेगळी.
आता हे सांगा. पेडल गार गाडीलाही मऊ आहे की तापल्यावरच? दोन-तीनदा पंप केलं की वर येतं का? दाबून धरलं तर हळूहळू खाली सरकतं का? एबीएस आहे का? फ्लुइड कधीचं आहे? आणि "तीनदा ब्लीड" कोणी केलं?

चौथा_गिअर
सॉरी, घाईत राहिलं. २०१४ ची स्विफ्ट पेट्रोल, पुढे डिस्क, मागे ड्रम, एबीएस नाही. गेल्या वेळी ट्रॅकवर चौथ्या लॅपला सरळ पट्ट्याच्या टोकाला ब्रेक दाबला तर पेडल थेट फ्लोअरला. तीनदा पंप केलं तेव्हा कुठे थांबली, तीही गवतात. मित्र शेजारी बसला होता, तो अजून फोन उचलत नाही. त्यानंतर मेकॅनिककडे काम केलं, तरी अजून तसंच.

मुलुंडकर
मग सरळ आहे. मास्टर सिलिंडर (पेडलचा दाब फ्लुइडला देतो तो) गेला. माझ्या गाडीला हेच झालं होतं. बदला आणि फ्लुइडच्या नळ्या, म्हणजे होज, स्टीलच्या जाळीवाल्या लावा, मूळ रबरी होज फुगतात. मी लावल्यापासून पेडल दगडासारखं आहे.

परळचा_बाप्या
तुझं पेडल दगड असेल, पण ज्याला हवा म्हणजे काय ते कळत नाही त्याला मास्टर सिलिंडर विकू नकोस. उत्तरं तरी येऊ दे त्याची.

जुना_पद्मिनीवाला
आमच्या प्रीमियर पद्मिनीला चारही ड्रम होते. हिंदमाताच्या पाण्यातून बाहेर आलं की ब्रेक लागायचेच नाहीत. मग पहिल्या गिअरमध्ये हलका ब्रेक दाबून परळपर्यंत यायचं, ड्रम सुकायचे. ट्रॅक-बिक कोणाला ठाऊक होता! हिंदमाता हाच ट्रॅक.

आईची_काळजी
माफ करा, पण स्वतःच्या पैशाने मरायला कशाला जायचं? आणि नेहमीच्या मोटर पॉलिसीत रेसिंग, स्पीड टेस्टिंग वगैरे वगळलेलं असतं. एकदा पॉलिसी उघडून "लिमिटेशन्स अ‍ॅज टू यूज" वाचा.

परळचा_बाप्या
पॉलिसीचं बरोबर आहे. पण रात्री पाम बीच रोडवर पळवण्यापेक्षा ट्रॅक शंभर पट बरा. तिथे समोरून रिक्षा येत नाही.

स्पॅनरताई
धागाकर्ते, तुम्ही दोन वेगळे आजार एकत्र सांगताय असं वाटतंय.
ट्रॅकवर जे झालं ते फ्लुइड उकळणं. १२० वरून ६० वर येताना गाडी जेवढी ऊर्जा ब्रेकमध्ये ओतते, ती सिग्नलला ६० वरून थांबण्याच्या तिप्पट असते. आणि ट्रॅकवर हे दर लॅपला अनेकदा होतं, मध्ये गार व्हायला वेळ मिळत नाही. डॉट ४ ताजं असताना किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही. पण ते हवेतली ओल शोषतं. ३.७ टक्के पाणी शिरल्यावर हाच आकडा १५५ धरला जातो. आपल्या दमट हवेत दोन-तीन पावसाळे काढलेलं फ्लुइड काय अवस्थेत असेल, विचार करा. उकळलं की वाफ होते, वाफ दाबली जाते आणि पाय खाली जातो.
उलट पॅड तापून फेड झाले, म्हणजे त्यांची पकड गेली, तर पेडल कडकच राहतं, फक्त गाडी थांबत नाही. हा फरक पायाला कळायला हवा.
पण हे सगळं तापल्यावरचं. आता गार असताना मऊ आहे का, हे तुम्ही अजून सांगितलेलं नाही.

एफवन_वेडा
ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर फॉर्म्युला वनच्या शर्यतीत कार्बन डिस्क लाल होताना डोळ्यांनी पाहिल्यात, २०११ ला. तेव्हा व्हेटेल जिंकला, पुढच्या वर्षी बहुतेक अलोन्सो.

परळचा_बाप्या
अवांतर: २०११, १२, १३, तिन्ही व्हेटेल. आणि त्याचा स्विफ्टशी काय संबंध?

चौथा_गिअर
स्पॅनरताई, आत्ता खाली पार्किंगमध्ये जाऊन बघितलं. गाडी सकाळपासून उभी, एकदम गार. पहिल्या दाबाला पेडल अर्ध्याच्या खाली जातं, स्पंजसारखं. दुसऱ्या-तिसऱ्याला वर येतं. दाबून धरून शंभर मोजले, सरकत नाही. फ्लुइड नवीन डॉट ४, गेल्या आठवड्यात मेकॅनिकने सीलबंद डबा माझ्यासमोर फोडला. आधीचं पाचेक वर्षांचं असेल, चहासारखं काळपट होतं.

स्पॅनरताई
धरल्यावर सरकत नाही म्हणजे मास्टर सिलिंडर बहुधा ठीक आहे. (मुलुंडकर, राग मानू नका.) पंप केल्यावर वर येतं म्हणजे लाइनमध्ये हवा आहे. मागच्या ड्रमचं अ‍ॅडजस्टमेंट ढिलं असलं तरी पेडल खाली जातं, पण ते स्पंजसारखं लागत नाही. मेकॅनिकने फक्त फ्लुइड बदललं, की आणखी काही?

चौथा_गिअर
पुढचे दोन्ही कॅलिपर (डिस्कवर पॅड दाबणारे) काढून सीलचं किट टाकलं. पॅडही नवे. त्याचा काय संबंध?

परळचा_बाप्या
आता बोलला हा!

स्पॅनरताई
बराच संबंध आहे. स्टिअरिंग पूर्ण एका बाजूला वळवा, मोबाइलचा टॉर्च मारून चाकामागून कॅलिपर बघा. ब्लीड निपल (हवा काढायचं छोटं तोंड) वरच्या टोकाला आहे की खालच्या?

मुलुंडकर
निपल कुठेही असलं तरी फ्लुइड बाहेर येतंच ना? मी तरी सांगतो, होज बदला.

स्पॅनरताई
फ्लुइड येतं, हवा येत नाही. हवा वर चढते. निपल खाली असेल तर बुडबुडा कॅलिपरच्या माथ्यावर बसून राहतो आणि तुम्ही खालून दहा बाटल्या काढल्या तरी हलत नाही.

चौथा_गिअर
फोटो टाकलाय. गुडघे टेकून वॉचमनच्या स्टुलाखाली डोकं घालून काढलाय, समजून घ्या. निपल होजच्या खाली आहे, रबरी टोपीवर लाल ग्रीस आणि तिच्याखाली फ्लुइडचा ओला डाग. दुसऱ्या बाजूलाही तसंच.

स्पॅनरताई
डावा उजवीकडे आणि उजवा डावीकडे बसवलाय. बोल्ट बरोबर बसतात, म्हणून कळत नाही. अदलाबदल करून घ्या, बँजो बोल्टचे (होज कॅलिपरला जोडतो तो) तांब्याचे वायसर नवे टाका. मग मॅन्युअलमधल्या क्रमाने ब्लीड करा. पेडल फ्लोअरपर्यंत दणादण मारू देऊ नका, खाली लाकडी ठोकळा ठेवा. जुन्या मास्टर सिलिंडरचा खालचा भाग कधी घासलेला नसतो, तिथल्या गंजाने सील फाटतं आणि मग मुलुंडकर खरे ठरतील.

घाटावरचा
रविवारचं सोडा. अशी गाडी घेऊन परत येताना बोरघाट कसा उतरणार होता? आणि कृपया न्यूट्रलमध्ये उतरू नका. तिसरा गिअर टाका, ब्रेक थोडा दाबा, सोडा. तिथे ट्रकांचे ब्रेक का जातात ते दर महिन्याला बघतो.

चौथा_गिअर
शुक्रवार रात्र. झालं! मेकॅनिक आधी म्हणाला, "फिट तो बैठा ना साब." उलटे करून दाखवल्यावर गप्प झाला, पैसे घेतले नाहीत. पहिल्याच ब्लीडला डाव्या बाजूने नळीत एवढा मोठा बुडबुडा आला की दोघंही बघत राहिलो. आता पेडल वरच थांबतं. डॉट ५.१ च टाकलंय.

स्पॅनरताई
छान. पॅड नवे आहेत, तर उद्या मोकळ्या रस्त्यावर ६० वरून २० पर्यंत आठ-दहा वेळा मध्यम दाबाने आणा, पूर्ण थांबू नका, मग दहा मिनिटं ब्रेक न लावता फिरवा. ट्रॅकवर तीन लॅप जोरात, मग एक लॅप जवळजवळ ब्रेकशिवाय. पिटमध्ये आल्यावर हँडब्रेक ओढू नका, मागचे ड्रम तापलेले असतात, शू चिकटतात. गिअरमध्ये ठेवा, चाकाला वीट लावा. प्रत्येक सेशनआधी उभ्या गाडीत पेडल दाबून बघा. जरा जरी लांब वाटलं तर त्या दिवशी ट्रॅक बंद.

चौथा_गिअर
ताई, खूप आभार. मित्राने फोन उचलला, पण येत नाही म्हणाला. एक शेवटचं, टायरमध्ये हवा किती ठेवू?

हवा_भर
वर लिहिलंय.