मदत हवी आहे: मुंबईत डावखुऱ्यांसाठी गिटार कुठे बघावी?

नमस्कार मंडळी, मिरजेहून नुकतेच ठाण्याला राहायला आलो आहोत. मुलगी डावखुरी आहे आणि तिला पहिली चांगली अकूस्टिक गिटार घ्यायची आहे. मिरजेत सतार-तंबोऱ्याचे कारागीर दारात होते, वाद्य हातात घेऊन, जवारी (तारेचा झणकार) ऐकून मगच घ्यायची सवय. म्हणून ऑनलाइन मागवायला मन धजत नाही.

धोबीतलावचं फुर्टाडोज ठाऊक आहे, तिथे जाणारच आहोत. पण तिथे किंवा दादर, वांद्रे, ठाणे या बाजूला डावखुऱ्या गिटारी प्रत्यक्ष वाजवून बघता येतील असं दुकान कुणाला माहीत आहे का?

एका दुकानात "तारा उलट्या लावून देतो" म्हणाले. ते मला पटत नाही. नटच्या (मानेच्या टोकाला तारा टेकतात तो तुकडा) खाचा जाड-बारीक तारांच्या मापाने कापलेल्या असतात, ब्रिजवरचं सॅडलही (खालच्या बाजूला तारा टेकतात तो तुकडा) तिरकं असतं, आणि ते तसंच उलटं ठेवलं तर वरच्या पट्ट्यांवर सूर हलतो. शिकणाऱ्या मुलीचा कान त्यावर घडावा असं वाटत नाही.

बजेट पंधरा हजारांपर्यंत. शिवाय इथल्या पावसाळी दमट हवेत लाकूड फुगून तारा वर उचलल्या जातात, तेव्हा ट्रस रॉड (मानेच्या आतली सळई) आणि तारांची उंची नीट लावून देणारा भरवशाचा कारागीर हवाय. दुकानापेक्षा हा माणूस मला जास्त महत्त्वाचा वाटतो. स्वतःच्या अनुभवातून सांगितलंत तर फार बरं होईल.