जुनं घर राखणाऱ्याला करात सूट : हौस की हक्क?

माडीवाला

काल 'स्लॅबवाला' यांनी लिहिलं, "बेळगावच्या गल्ल्यांतली कौलारू घरं म्हणजे उंदरांची वस्ती. पाडा, तीन मजले चढवा, भाडं घ्या. जुनं राखणाऱ्याला आणि दूषित जमीन साफ करणाऱ्याला करात सूट द्या म्हणजे काय, तर मोजक्या लोकांच्या हौसेला बाकीच्यांनी पैसे पुरवायचे. ज्याने घाण केली त्याने निस्तरावी." ते वाचून रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. म्हणून सविस्तर लिहितोय.

आमचं घर गणपत गल्लीच्या मागच्या अंगाला. खाली दुकान, वर माडी, सागवानी तुळया, मंगळोरी कौलं. गेल्या वर्षी दोन तुळयांना वाळवी लागली. दुरुस्तीचा अंदाज ११ लाख निघाला. त्याच आठवड्यात एक पाडकाम करणारा दारात आला. लाकूड घेऊन जातो आणि वर २ लाख देतो म्हणाला. बँकेत गेलो तर नव्या बांधकामाला कर्ज लगेच, दुरुस्तीला मात्र मंजूर नकाशा आणा. घर आजोबांच्या वडिलांनी बांधलेलं, तेव्हा नकाशा कुणी मंजूर करत होतं का? पाडायला निघालेल्या माणसाला सगळी दारं उघडी आणि राखायला निघालेल्याला सगळी बंद. माझं म्हणणं एवढंच आहे की हे पारडं सरकारने थोडं तरी सरळ करावं.

अमेरिकेत याची सुरुवात १९७६ च्या करकायद्यात झाली. आज तिथे नोंदलेल्या जुन्या इमारतीच्या दुरुस्तीवर जो खर्च होतो त्याच्या २० टक्के रक्कम थेट करातून वजा होते, तीही ५ वर्षांत विभागून. ५ वर्षांच्या आत इमारत विकली तर घेतलेली सूट पूर्ण किंवा काही अंशी परत करावी लागते. काम जुन्याला धरून झालं की नाही हे आधी तपासतात. आणि मुख्य म्हणजे स्वतः राहायच्या घराला ही सूट मिळतच नाही. दुकान, लॉज, भाड्याची जागा, असं उत्पन्न देणारी इमारत लागते. मग हौस कुठे आली? खडेबाजारात, गणपत गल्लीत खाली दुकान वर बिऱ्हाड हीच रीत आहे. आपल्या गावाला मापाने शिवल्यासारखी ही योजना आहे.

जमिनीचं सांगतो. इंग्लंडमध्ये २००१ पासून कंपनीने दूषित जमीन साफ केली तर १०० रुपये खर्चावर करपात्र नफ्यातून १५० रुपयांची वजावट मिळते. पण ज्याने घाण केली त्याला ती मिळत नाही. म्हणजे 'घाण करणारा सुटतो' हा तुमचा मुद्दाच उभा राहत नाही. उद्यमबागेत, म्हणजे इथल्या औद्योगिक वसाहतीत, आमच्या वडिलांचं शेड होतं. शेजारी एक प्लेटिंगचा, म्हणजे धातूवर मुलामा चढवायचा, कारखाना होता, तो कधीच बंद पडला आणि मालक गाव सोडून गेला. आमच्या विहिरीचं पाणी पिवळं झालं होतं. क्रोमियम. हिराकस (फेरस सल्फेट) टाकून ते विष मारता येतं, पण माती उकरणं, पाणी उपसणं, पुन्हा पुन्हा तपासणं हा खर्च कुणी करायचा? वडिलांनी शेड सोडून दिलं. घाण करणारा सापडत नाही तेव्हा 'त्याने निस्तरावी' या वाक्याचा उपयोग काय?

स्लॅबवाला

एवढं लांब लिहिलंत, आता माझंही ऐका. मी कौलारू घरातच जन्मलो. जून ते सप्टेंबर घरात पातेली मांडून झोपायचो. माडीचा जिना म्हणजे शिडीच, त्यावरून माझी आजी पडली आणि खुब्याचं हाड मोडून दोन वर्षं अंथरुणात राहिली. तिच्या पाठीला झालेल्या जखमा मी पाहिल्यात. मला सागवानी तुळईचं कौतुक सांगू नका. स्लॅबच्या घरात माझी आई संडासला अंगणात जात नाही, एवढं मला पुरे आहे.

आणि परदेशाचे दाखले अर्धेच का देता? न्यूयॉर्क राज्याने २००३ मध्ये दूषित जागांसाठी कर क्रेडिट, म्हणजे थेट करातून वजा होणारी रक्कम, सुरू केलं. ते फक्त सफाईवर नव्हतं, त्या जागेवर जी इमारत उभी राहील तिच्या खर्चावरही होतं. पैसा गेला टोलेजंग इमारतींकडे. २००८ मध्ये त्यांना स्वतःलाच मर्यादा घालावी लागली. इथे आली तर अशी योजना पहिल्यांदा कोण खाईल? माझ्याच धंद्यातले लोक खातील. मी बांधकामात २२ वर्षं आहे, म्हणून सांगतो.

हिशेबी

टिळकवाडीत सीएचं काम करतो. दोघांनी कर कुठला ते ठरवलंच नाही. घरपट्टीत सूट म्हणाल तर माझ्याकडे येणाऱ्या जुन्या घरांची घरपट्टी वर्षाला तीन-चार हजार असते. ११ लाखांच्या दुरुस्तीपुढे ती माफ केली तरी कुणाची तुळई बदलत नाही. आयकरात म्हणाल तर भाड्याच्या घराला ३० टक्के वजावट आधीच आहे, पण ती दुरुस्ती करा वा न करा, सारखीच मिळते. जो भिंतीला चुना लावत नाही त्यालाही तेवढीच. राष्ट्रीय संस्कृती निधीला देणगी दिली तर पूर्ण वजावट मिळते, कंपन्यांना सीएसआरमध्ये, म्हणजे सामाजिक जबाबदारीच्या खर्चात, वारसा इमारतींवर खर्च दाखवता येतो. स्वतःच्या माडीवर केलेल्या खर्चाला असलं काही नाही. इथपर्यंत माडीवाल्यांचं बरोबर आहे.

पण बिलाचं काय? खानापूरकडचा चुन्याचं काम जाणणारा गवंडी बिल देतो का? सुतार देतो का? बिल देणारा ठेकेदार धरला की १८ टक्के जीएसटी वर चढतो. २० टक्के क्रेडिट घ्यायला १८ टक्के कर भरायचा, आणि तो ठेकेदार चुन्याऐवजी सिमेंट थापणार. सिमेंटमध्ये जुन्या भिंतीची ओल कोंडते आणि भिंत आतून सडते. माझ्या सासुरवाडीची भिंत अशीच गेली.

शिवारकरी

तुमी सगळे घरांवरच बोलायलाय. जमिनीचं कोण बोलणार? माझं शहापूर शिवारात अडीच एकर भात हाय, बळ्ळारी नाल्याच्या कडेला. दर पावसात नाला फुगतोय आनी गावाचं गटार, प्लास्टिक, काय काय ते सगळं पिकात येऊन बसतंय. माझ्या बाच्या काळी बासमती शिजला की गल्लीत वास यायचा. आता त्या पाण्यात उभं राहिलं की पायाला खाज सुटत्या, लागवडीला बायका यायला तयार न्हाईत.

आता मला सांगा, करात सूट म्हंजे मला काय? शेतीच्या उत्पन्नाला आयकर न्हाईच. जो कर भरतच न्हाई त्येला सूट कशातनं देणार? तुमची योजना कर भरनाऱ्यांची. माझ्या मातीतली घाण मी केली न्हाई, ती गावानं केल्या. मला सूट नको, नाला खोल करून द्या आनी माती तपासून द्या.

माडीवाला

शिवारकरी दादा, हे मला सुचलं नव्हतं. कबूल. अमेरिकेत काही राज्यांत असं क्रेडिट दुसऱ्याला विकता येतं, म्हणजे ज्याला कर नाही तो कर भरणाऱ्याला विकून रोख पैसा उभा करतो. पण आपल्याकडे शेतकऱ्याने ते कुणाला विकायचं आणि मधे दलाल किती खाणार, याचं उत्तर माझ्याकडे नाही. केंद्राने २०२५ मध्ये दूषित जागांचे नियम काढलेत. त्यात घाण करणाऱ्याकडून वसुली आहे. तुमच्या बाबतीत घाण करणारं अख्खं गावच, म्हणजे त्यात मीही आलो.

हिशेबींना एवढंच की बिलाची अडचण मला ठाऊक आहे. त्याहून मोठी अडचण सह्यांची आहे. आमच्या उताऱ्यावर १९ नावं आहेत. आत्या, चुलतबहिणी, त्यांची मुलं. कोण कोल्हापूरला, कोण पुण्याला, कोण मडगावला. घर सांभाळतोय मी, पत्रे टाकून गळती थांबवतोय मी, आणि कर्जाच्या कागदावर सही मागितली की प्रत्येकीला आपला वाटा आठवतो. लग्न होऊन तीस वर्षं झालेल्यांनी आता वाड्यात लक्ष घालू नये, असं मला स्पष्ट वाटतं.

शहापूरची लेक

वाचून गप्प बसणार होते, पण शेवटचं वाक्य वाचून हात थरथरायला लागले.

माझं लग्न १९९१ चं. कर्नाटकाने मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत हक्क दिला तो १९९४ मध्ये अमलात आला, आणि त्यात आधी लग्न झालेल्या मुलींना वगळलं. म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीला हक्क आणि मला नाही. २००५ मध्ये केंद्राच्या कायद्याने तो भेद काढला. २०२० मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की २००५ साली वडील हयात असण्याचीही अट नाही, मुलीचा हक्क जन्माचा आहे. हे मिळायला मला २९ वर्षं लागली. तुम्ही म्हणता लक्ष घालू नये?

आमच्या घरी खालच्या सोप्यात दोन माग होते. शाळेतून आले की मी कांड्या भरायचे. शहापुरी साडीच्या पैशावर ती माडी उभी राहिली, त्यात माझी बोटं आहेत. भावाने दिवाळीला साडी दिली, ओवाळणी झाली आणि ताटाशेजारी हक्कसोडपत्र ठेवलं. मी सही केली. पुढच्या मे महिन्यात घर पाडलं. चौकटीचं नक्षीकाम कुठे गेलं विचारलं तर म्हणाला, विकलं. मी वाटा मागितला नव्हता. ती चौकट मागितली असती तर त्याने दिली असती का, हा विचार अजून जात नाही.

तेव्हा घरं बहिणींच्या सह्यांमुळे पडत नाहीत. बहिणींनी सही केली म्हणून पडतात.

निपाणीकर

अक्का, तुमचं दुःख कळतं, पण सगळ्यांवर एकच शिक्का मारू नका. निपाणीत आमची तंबाखूची वखार आहे, जाड दगडी भिंती, आत हवा खेळती. तंबाखूचा धंदा उतरला, वखार ओस पडली. तिथे हॉल करावा, लग्नं लागावीत असं मला वाटतं. दोन बहिणी पाच वर्षं अडून बसल्यात. वरून ई-आस्तीचा, म्हणजे मालमत्तेच्या ऑनलाइन नोंदीचा, कागद कन्नडमध्ये, त्यात वडिलांचं नाव चुकीचं पडलंय आणि दुरुस्तीचा अर्जही कन्नडमध्येच. उद्या ही करसूट आली तरी तिचा फॉर्म कुठल्या भाषेत असेल? १९५६ पासून हेच चाललंय. आधी मराठीत कागद द्या, मग वारसा वाचवा.

शहापूरची लेक

भाषेचं तुमचं खरं आहे, त्यात मी तुमच्यासोबत आहे. पण बहिणी 'अडून बसल्यात' म्हणता, त्यांना एकदा तरी विचारलंत का की वखारीचं काय करायचं? लग्नाच्या हॉलच्या भाड्यात त्यांचा वाटा किती, हे कागदावर लिहून दिलंत का?

निपाणीकर

माझ्या घरचं मी बघून घेईन. इथे उणीदुणी काढायला आलो नाही.

शहापूरची लेक

उणीदुणी तुम्हीच काढलीत, दोन बहिणींची, त्या इथे उत्तर द्यायला नसताना.

हलशीचा भाचा

भांडण थांबवा थोडं. माझ्या मामांचं घर हलशीला, वराह नरसिंहाच्या देवळापासून हाकेच्या अंतरावर. संरक्षित स्मारकापासून १०० मीटरच्या आत नवं बांधकाम बंद आणि पुढच्या २०० मीटरला परवानगी, हा २०१० च्या दुरुस्तीचा नियम. दुरुस्तीलाही परवानगी लागते. मामांनी दोन पावसाळे वाट बघितली, तोवर मागची पडवी बसली. देऊळ राखायचं हे मान्यच. पण देवळाच्या सावलीत राहणाऱ्यावर नुसतं बंधन आहे, मोबदला काही नाही. त्यांना तरी करसूट म्हणा, अनुदान म्हणा, काहीतरी मिळालंच पाहिजे. सक्ती सगळ्या गावासाठी आणि खर्च एकट्या मामांनी करायचा?

स्लॅबवाला

भाच्याचा मुद्दा मला पटला. ज्याला सरकारने पाडायला बंदी केली आहे त्याला पैसे द्या, तिथे माझी हरकत नाही. पण ज्याला पाडायची मुभा आहे आणि तो आपल्या आवडीने राखतोय, त्याला सूट द्यायला माझा अजूनही विरोध आहे. उंदरांची वस्ती म्हणालो तो शब्द मागे घेतो. आजीच्या रागात लिहिला होता.

हिशेबी

करसूट की अनुदान हे ठरवताना एक लक्षात घ्या. अनुदान कामाआधी मागावं लागतं, त्यासाठी हेलपाटे आणि ओळखी लागतात. सूट काम झाल्यावर मिळते, पण आधी ११ लाख खिशात लागतात. आमच्याकडे येणाऱ्या जुन्या घरवाल्यांत असे किती? फार थोडे. दुकानवाल्यांना सूट, राहत्या घराला आणि शिवाराला थेट पैसा, यापुढे मी जाणार नाही.

माडीवाला

दुपारपासून शहापूरच्या अक्कांचं लिहिलेलं चार वेळा वाचलं. आमच्या आत्या आता ७८ वर्षांच्या आहेत. माडीच्या खिडकीतून गणपतीची मिरवणूक बघायला त्या दरवर्षी मडगावहून यायच्या. जिना चढवत नाही म्हणून तीन वर्षं आल्या नाहीत. मी त्यांच्याकडे फक्त कागद पाठवला होता, कुरिअरने. 'लक्ष घालू नये' लिहिलं ते चुकलं. बाकीच्या मुद्द्यांवर मी ठाम आहे.

रविवारी मडगावला जातोय. कर्ज किती, दुकानाच्या भाड्यात कुणाचा वाटा किती, सगळं लिहून नेतो. तुळया बदलायचं काम मात्र मृगाच्या आत व्हायला हवं. खानापूर भागात चुन्याचं काम करणारा कुणी गवंडी माहीत असेल तर कळवा. बिल नाही दिलं तरी चालेल.

हलशीचा भाचा

मामांची पडवी ज्यांनी उभी केली ते वयस्कर आहेत, पण मुलगा हाताखाली आहे. चुना स्वतः भिजवतात, पंधरा दिवस आधी सांगावं लागतं. निरोप पाठवतो.

शहापूरची लेक

जिन्याला दोन्ही बाजूंनी कठडा करून घ्या. आत्या येतील.