मदत हवी आहे: केमिकल फिजिक्सकडे जायचंय, मेजर कुठला घेऊ?

नमस्कार मंडळी,

मी चिपळूणची. एफवाय बीएस्सी नुकतंच संपलं. फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स असे तीन विषय होते. आता एसवायला एक मेजर, एक मायनर ठेवायचा आणि तिसरा सोडायचा. फॉर्म सोमवारपर्यंत भरायचाय.

बाबा म्हणतात, केमिस्ट्री घे. ते लोट्याच्या एमआयडीसीत क्यूसीला (मालाचा दर्जा तपासायच्या कामाला) आहेत. एचपीएलसी (मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणारं यंत्र) चालवता आलं की घराजवळ नोकरी मिळते, हे त्यांनी पाहिलंय. त्यांचं चुकत नाही, पण माझा जीव केमिकल फिजिक्समध्ये, म्हणजे फिजिक्सच्या पद्धतीने रेणूंचा अभ्यास करण्यात अडकलाय.

मार्चमध्ये सरांनी एचसीएल वायूच्या आयआर स्पेक्ट्रमचा (वायू कुठला इन्फ्रारेड प्रकाश शोषतो, त्याच्या आलेखाचा) प्रिंटआउट दाखवला. दोन्ही बाजूंना रेघांच्या रांगा, मधोमध मोकळी जागा. नीट बघितलं तर प्रत्येक रेघेला खेटून एक बुटकी रेघ. उंच ती क्लोरीन-३५ची, बुटकी ३७ची (क्लोरीनचेच हलके आणि जड अणू), असं सरांनी सांगितलं. प्रिंटआउट मागून घरी आणला, पट्टीने रेघांमधलं अंतर मोजलं, त्यावरून मोमेंट ऑफ इनर्शिया (रेणू फिरवायला किती जड ते) आणि मग बाँडची लांबी, म्हणजे दोन अणूंमधलं अंतर काढलं. उत्तर आलं १.२९ अँगस्ट्रॉम, पुस्तकात १.२७ आहे. डोळ्यांना कधीच न दिसणारा रेणू मी शाळेतल्या पट्टीने मोजला! त्या रात्री मला झोप लागली नाही. मला हेच करायचंय.

अडचण अशी: केमिस्ट्री मेजर आणि फिजिक्स मायनर घेतलं तर गणित सुटतं, आणि या कामाला लागणाऱ्या क्वांटम मेकॅनिक्सचं पुस्तक उघडलं की पहिल्या प्रकरणापासून डिफरन्शियल इक्वेशन्स आणि मॅट्रिक्स. फिजिक्स-मॅथ्स घेतलं तर केमिस्ट्रीच सुटते. केमिस्ट्री-मॅथ्स ही जोडी आमच्या कॉलेजात मिळत नाही. शिवाय ऑर्गॅनिक मला जड जातं, आणि जॅमच्या (एमएस्सीच्या प्रवेश परीक्षेच्या) केमिस्ट्री पेपरात ते टाळता येत नाही.

टीआयएफआरच्या केमिकल सायन्सेसमध्ये, एनसीएलला किंवा आयआयएस्सीत, अशा संशोधन संस्थांत स्पेक्ट्रोस्कोपी (असे स्पेक्ट्रम अभ्यासणं) वा थिअरीत काम करणारे कुणी ताई-दादा इथे असतील तर कृपया सांगा: तुम्ही बीएस्सीला काय घेतलं होतं? सुटलेलं गणित स्वतः अभ्यास करून भरून निघतं, की सुटलेली केमिस्ट्री? आणि फिजिक्स मेजरवाल्यांना पुढे केमिस्ट्रीच्या लॅबमध्ये पीएचडीला घेतात का? बाबांचा पहिला प्रश्न तोच आहे, आणि माझ्याकडे त्याचं उत्तर नाही.